डावा पिवळा दिसतोय

"एकदम भारीतला कॉम्प्युटर जोडून द्या," असं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकं सटकतं. भारीतला म्हणजे काय? चपलांच्या दुकानात जाऊन पाय न दाखवता कुणी "भारीतली द्या" म्हणतं का? मी आधी विचारतो, काम काय करणार, समोर किती वेळ बसणार, किती लांबून बघणार. मग पार्ट निवडतो. सगळं एकाच पार्टात मिळत नाही, कुठे ना कुठे तडजोड करावीच लागते, हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा बोलतो की आता दुकानातल्या पंख्यालाही ते पाठ झालं असेल.

बायकोचा कॉम्प्युटर जोडायची वेळ आली तेव्हा तिलाही हेच प्रश्न विचारले. फरक इतकाच की तिच्या प्रत्येक उत्तरावर मला घाम फुटत होता. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर बिघडला तर ते दुकानात येऊन भांडतं आणि निघून जातं. ही कुठे जाणार?

ही वेष्टनं करते. बिस्किटं, चहा, टूथपेस्ट, ज्यावर कागद गुंडाळता येईल ते सगळं. इतकी वर्षं एका जाहिरात कंपनीत नोकरी केली, आणि बावन्नाव्या वर्षी राजीनामा देऊन घरी बसून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. पहिलंच काम मोठं मिळालं. लहान मुलांच्या साबणाची सगळी वेष्टनं, साबण, पावडर, तेल, झाडून सगळी पांढरी. पांढऱ्यासारखा वाईट रंग नाही, असं ती म्हणते. लाल थोडा चुकला तर लालच राहतो, पांढरा चुकला की मळका दिसतो. हे काम साधलं तर पुढची दहा दारं उघडणार होती. फसलं तर या वयात नव्याने नोकरी मागत फिरायचं होतं.

तिच्या डोळ्याबद्दल मात्र कुणाला शंका नव्हती. छापखान्यात तिला घार म्हणतात. मशीनवरून कागद धडाधड पडत असताना ही लांबूनच सांगते, "लाल जरा चढलाय," आणि मशीनमन कुरकुरत तपासतो तर खरंच चढलेला असतो. आमची ओळखही तिथलीच. मी तिथला कॉम्प्युटर दुरुस्त करायला गेलो होतो, आणि टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा ही म्हणाली, "तुमच्या शर्टाची डावी बाही दुसऱ्या कापडाची आहे." मी शिंप्याकडे जाऊन विचारलं. कापड कमी पडलं म्हणून त्याने दुसऱ्या ताग्यातून घेतलं होतं. अशा बाईशी लग्न करायचं म्हणजे जन्मभर काही लपवता येणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर तिला तीन मॉनिटर हवे होते. मधला कामाचा, उजवा सॉफ्टवेअरमधल्या हत्यारांचा आणि ईमेलच्या निरोपांचा, आणि डावा फक्त रंग बघायला. तीनही एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले मिळावेत म्हणून मी ठोक व्यापाऱ्याच्या इतक्या मागे लागलो की तो माझा फोन उचलेनासा झाला. ग्राफिक कार्ड निवडताना तर आमची भांडणंच झाली. मी म्हणत होतो की पोरं खेळायला घेतात ती दिव्यांची रोषणाई असलेली कार्डं तुला नकोत, तुला तीन पडदे न अडखळता चालवणारं, शांत, थंड कार्ड हवं. ती म्हणाली, "शांत आणि थंड मी नवराही मागितला होता." रॅम भरपूर घातली. पॉवर सप्लाय लागतो त्याहून मोठा घेतला. खोलीची भिंत राखाडी केली, म्हणजे भिंतीचा रंग पडद्यावर सांडू नये. खुर्ची ठेवून, तिला बसवून, टेपने डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजून स्टँड ठोकले. सगळं चालू केलं, तिन्ही पडदे एकदम उजळले, आणि मला वाटलं, जमलं बुवा.

ती बसली. मधल्या पडद्याकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग डावीकडे झुकली.

"डावा पिवळा दिसतोय," ती म्हणाली.

मला तिन्ही सारखेच दिसत होते. पण मला काय दिसतं याला आमच्या घरात किंमत नाही, आणि असूही नये. मी केबल बदलली. डावा पिवळाच. कार्डाचं दुसरं तोंड वापरलं. पिवळाच. मग कार्डच परत करून दुसरं आणलं, आणि ज्या व्यापाऱ्याने माझा फोन टाळला होता त्याला त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले. बिचारा ऐकून घेत होता. नवीन कार्ड बसवलं, ही येऊन बसली, डावीकडे झुकली. "थोडा कमी वाटतो. नाही, पिवळाच आहे."

छापखान्यातून मी रंग मोजायचं यंत्र मागून आणलं. पडद्यावर चिकटवलं की ते आकडे देतं. तिन्ही पडद्यांचे आकडे सारखे आले. मी तिला दाखवले.

"यंत्राला काय कळतंय?" ती म्हणाली.

आणि माझी अक्कल बघा, मी मान डोलावली. मलाही तेच वाटलं. इतक्या वर्षांत यंत्रं चुकताना मी ढिगाने पाहिली होती, हिला चुकताना एकदाही पाहिलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर आधी बाईंना म्हणाला असता, डोळे तपासा. आम्हा दोघांच्या डोक्यात ते आलंच नाही. मी यंत्र बिघडलंय म्हणून परत दिलं.

दिवस चालले होते. नमुना छापायची तारीख जवळ येत होती, आणि ही त्या डाव्या पडद्यावर वेष्टन पांढरं दिसेना म्हणून फाइलमधला पिवळा रोज थोडा थोडा काढत होती. मला ते वेष्टन थंडगार वाटायला लागलं होतं, बर्फाच्या लादीसारखं. पण मी कोण बोलणार? तिने नखं खायला सुरुवात केली होती. जेवताना मध्येच उठून खोलीत जायची, दिवा लावायची, झुकून बघायची, परत यायची. मी विचारायचो, "काय?" ती म्हणायची, "काही नाही. जेव."

मग एका सकाळी ती छापखान्यात कागद निवडायला गेली असताना मी शेवटचा उपाय केला. डाव्या मॉनिटरच्या पाठीवर पेन्सिलने फुली मारली आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल केली. आता ती म्हणेल उजवा पिवळा, मग मॉनिटरच बदलून आणायचा, प्रश्न मिटला.

ती आली. चहाचा कप हातात घेऊनच खुर्चीत बसली. मी दारात उभा होतो. ती डावीकडे झुकली, बघितलं, आणि वैतागून म्हणाली, "काही फरक नाही. डावा पिवळाच."

तेव्हा मला तिचा चेहरा दिसला. डाव्या पडद्याकडे झुकताना तिने उजवा डोळा मिटला होता.

मग ती उजवीकडे वळली आणि तिने डावा मिटला. ही तिची जुनी सवय आहे. पूर्वी कागद कापून, चिकटवून पानं लावायची तेव्हा रेघ सरळ आहे का हे एक डोळा मिटून बघायचे. ती सवय अजून गेलेली नाही. आमच्या भिंतीवरचा फोटोसुद्धा ती एक डोळा मिटूनच सरळ करते. इतकी वर्षं रोज बघत होतो, आणि त्या दिवशी दिसलं. मॉनिटर पिवळा नव्हता. कार्ड, केबल, कशातच दोष नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं मी चाललो होतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. ज्यांना वाटेल, त्यात काय, सांगून टाकायचं, त्यांना माझे सासरे माहीत नाहीत. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हिला अक्षरं आणि रंग त्यांनीच शिकवले. त्यांची नजर कडेने जायला लागली, ते कुणाला बोलले नाहीत, आणि कळलं तेव्हा औषधाची वेळ निघून गेली होती. शेवटची वर्षं ते खुर्चीत बसून हिला विचारायचे, "आज आभाळ कसलं निळं आहे?" आणि ही त्यांना सांगायची, नीट, मिसळायला घेतल्यासारखं, यात किती पांढरा, किती हिरवा. ते गेल्यापासून ही डोळ्यांच्या डॉक्टरच्या गल्लीतूनही जात नाही. चष्मासुद्धा दुकानात उभ्या उभ्या घालून बघून घेतला. मेहुणीने एकदा नुसतं म्हटलं, "ताई, तपासून घे ना," तर ही महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती.

आणि आता मी सांगायचं होतं. घारीला.

मी नाही सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पार्ट बदलत राहिलो. वीज कमीजास्त होते म्हणून एक स्टॅबिलायझरचा डबा लावला, ट्यूबलाइट बदलली, खिडकीचा पडदा जाड केला. यातल्या कशाचाही उपयोग नाही हे मला माहीत होतं, पण हात थांबले असते तर तिने विचारलं असतं, का थांबलास? रात्री ती झोपल्यावर मी डोळे मिटून पडायचो आणि मनात सासऱ्यांचा आवाज यायचा. दुकानात मी एका गिऱ्हाइकाचा प्रोसेसर उलटा बसवायला निघालो होतो. मला भीती वाटत होती. ती आंधळी होईल ही भीती, आणि ते मला तिला सांगावं लागेल ही त्याहून मोठी.

शेवटी शनिवारी ती म्हणाली, "सोमवारी नमुना छापायचाय. मला आज हा पडदा पांढरा दिसला पाहिजे. नाहीतर मी काम सोडते असं कळवते त्यांना." ती रडत नव्हती. तिचा आवाज अगदी सरळ होता, म्हणून मला जास्त लागला.

ती आंघोळीला गेली. मी मॉनिटरच्या मागची बटणं शोधली. तिथे रंग वरखाली करता येतो. मी पिवळा कमी केला, अजून कमी केला. मला तो पडदा निळसर, आजारी दिसायला लागला. तिथे थांबलो.

ती ओले केस पुसत आली, बसली, झुकली, उजवा डोळा मिटला. तिचे खांदे खाली आले.

"जमलं," ती म्हणाली. "अरे, जमलं की. काय केलंस?"

"सेटिंग."

"इतके दिवस मग काय झोपला होतास?" असं म्हणून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बोलत होती, सोमवारी मशीनपाशी मी स्वतः उभी राहते, एकेक कागद बघून घेते, आता धडधड नाही. मी नुसता हो हो करत होतो. छापलेल्या कागदाला मागे बटण नसतं. ती सगळ्यांसमोर म्हणणार, पिवळा काढा, अजून काढा. मशीनमन काढणार, कारण घार सांगतेय. आणि निळे कागद पडत राहणार, आणि तिथले सगळे एकमेकांकडे बघणार. तिच्याकडे कुणी बघणार नाही.

मी छपाईचा एक कोरा कागद घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"हे बघ," मी म्हणालो. "कसला रंग?"

"पांढरा. का?"

"डावा डोळा मिट."

तिने मिटला. "पांढराच."

"आता उजवा."

तिने उजवा मिटला. मग डावा मिटला, मग पुन्हा उजवा. कागद माझ्या हातातून घेतला आणि खिडकीपाशी नेला. तिथेही तसंच केलं. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा खर्रखर्र आवाज येत होता. मी उभा होतो.

"तू बटण फिरवलंस," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"मॉनिटर बदलून ठेवले तेव्हापासून."

"आणि मला ट्यूबलाइट लावून दाखवत होतास."

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, "बाबांसारखं आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला फक्त कॉम्प्युटरचं कळतं."

"तेवढं तरी कळतं का?" ती म्हणाली, आणि मग मात्र तिचा आवाज फुटला. मी जवळ गेलो तर तिने हात झटकला. थोड्या वेळाने स्वतःच येऊन शेजारी बसली. त्या दिवशी तिने साबणवाल्यांना फोन करून तब्येतीच्या कारणाने मुदत मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली असेल. त्यांनी दिली, पण "लवकर बघा" हे शब्द तिने फोन ठेवल्यावर माझ्यासमोर तीनदा उच्चारले.

डोळ्यांची डॉक्टर आमच्याहून बरीच लहान होती आणि भराभर बोलणारी होती. थेंब टाकून तिने हिला बाहेर बसवलं. ही माझा हात धरून बसली होती, बोटं माझ्या तळव्यात रुतली होती, आणि समोरच्या भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघायचं नाही म्हणून जमिनीकडे बघत होती. मी फरशा मोजत होतो आणि दर वेळी चुकत होतो.

"डोळ्यातला दाब ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "वडिलांचा काचबिंदू होता ना? तसं काही नाही तुम्हाला. दर वर्षी तपासायचं मात्र. हा साधा मोतीबिंदू आहे, डाव्यात जास्त. भिंग काढून नवीन बसवू."

हिने माझा हात सोडला. हातावर चार लाल खुणा उमटल्या होत्या.

डॉक्टरने टेबलावर एक कागद पसरला आणि हिला विचारलं, "काम काय करता? दिवसातून किती वेळ बसता? किती लांबून बघता? कारण भिंगाचे प्रकार आहेत. जवळचं, लांबचं, मधलं. सगळं दाखवणारंही मिळतं, पण त्यात रंगांचा कस थोडा कमी होतो. सगळं एकात नाही मिळत, कुठेतरी तडजोड करावी लागते."

ही माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण त्यात थोडं हसू होतं. "आमच्याकडे पार्ट हे निवडतात," ती डॉक्टरला म्हणाली.

ज्याने तिच्या पॉवर सप्लायवर आठवडा घालवला, त्याला भिंगाच्या कागदावरचं एक अक्षर दिसत नव्हतं. एवढंच आठवलं की मी टेपने मोजलं होतं. मी ते अंतर सांगितलं, खुर्चीत टेकून बसल्यावर डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं. डॉक्टरने ते लिहून घेतलं. मग मी विचारू नये ते विचारलं. "खराब निघालं तर बदलून मिळतं का?"

"बदलायची वेळ सहसा येत नाही," डॉक्टर म्हणाली. सहसा हा शब्द मी ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चघळत होतो.

ऑपरेशन झालं. मला दारातच थांबवलं होतं, आणि तिला बाहेर आणलं तेव्हा तिच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरने कामाला बसायची परवानगी दिली त्या सकाळी ही कुणाशी न बोलता खोलीत गेली. मी मॉनिटरची बटणं आधीच पूर्वीसारखी करून ठेवली होती. खिडकीचे पडदे लावले. ती खुर्चीत बसली, मी मागे उभा राहिलो.

ती डावीकडे झुकली. उजवा डोळा मिटला. बघत राहिली.

मग उजवीकडे वळली, डावा मिटला.

"उजवा पिवळा दिसतोय," ती म्हणाली.

माझा हात सवयीने केबलकडे गेला.

"केबल ठेव," ती म्हणाली. मग मला कळलं. नव्या भिंगासमोर तिचा चांगला डोळा पिवळा ठरला होता. ज्याच्या भरवशावर ती आजवर पांढरा ठरवत आली, त्या डोळ्यालाही पांढरा पिवळाच दिसत होता. तिने एकदा हा, एकदा तो डोळा मिटून बघितलं, पुन्हा बघितलं. "म्हणजे कधीपासून रे?" ती म्हणाली. "छापखान्यात ती सगळी माणसं मी सांगेन तसं करत होती."

तिने साबणाची फाइल उघडली. मोठी केली. एक क्षण बघितली आणि तोंडावर हात ठेवला. "हा पांढरा कुठे आहे? निळा आहे हा. तुला दिसत नव्हता?"

"दिसत होता," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगत होतीस म्हणून."

मग तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि आपल्या खुर्चीला लावलं.

"बस इथे," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत. ते रंग मोजायचं यंत्रही परत आण. आणि मी डोळा मिटला की सांगायचं. मला कळत नाही मी कधी मिटते ते."

दुकान उघडायची वेळ झाली होती. मी बसलो. तिने फाइलमधला निळा थोडा कमी केला, मग आणखी थोडा, आणि बघायला डावीकडे झुकली.

"मिटलास," मी म्हणालो.